रीसलिंग : एका वाक्याची दुरुस्ती

१/ मागे जर्मन द्राक्षांवरील थ्रेडमध्ये मी लिहिले होते की, रीसलिंगची चव ‘अप्रतिम’ असते. ते वाक्य खरे नव्हते. त्या पांढऱ्या वाइनच्या इतिहासाने मी भारावलो होतो. चव मात्र मला तेव्हा आवडली नव्हती आणि आजही आवडत नाही. ही त्याची दुरुस्ती.

२/ भारावण्याजोगे होते हे खरे. १३ मार्च १४३५ : माइन नदीकाठच्या रुसेल्सहाइम येथील हिशेबात रीसलिंगच्या वेलींसाठी २२ शिलिंग खर्ची पडल्याची नोंद आहे. दप्तर काट्सेनएल्नबोगेनच्या काउंटचे. या द्राक्षाच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखाचा मान याच नोंदीला दिला जातो.

३/ पुढे योहानिसबर्गची टेकडी. १७२० पासून तेथे फुल्डाच्या मठाधिपतींनी रीसलिंगची मोठी लागवड केली. तोडणीची परवानगी फुल्डाहून येई. १७७५ मध्ये ती आणणारा स्वार उशिरा पोहोचला आणि तोवर घडांना बुरशी लागली, अशी कथा आहे. वाया गेली असे वाटलेल्या त्या द्राक्षांची वाइन अपूर्व निघाली. त्या स्वाराचा पुतळा आजही तेथे उभा आहे.

४/ एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये ऱ्हाइनकाठच्या उत्तम वाइनला बोर्दोच्या नामांकित वाइनच्या तोडीचा, कधी त्याहून अधिक भाव मिळे.

५/ हे सारे मनात घोळत असताना एका स्नेह्यांनी जपून ठेवलेली जुनी बाटली माझ्यासाठी उघडली. पेला नाकाशी नेला आणि थबकलो. वास रॉकेलचा होता.

६/ हा भास नव्हे. द्राक्षातील कॅरोटिनॉइड द्रव्यांपासून वाइन मुरताना ‘टीडीएन’ नावाचे संयुग तयार होते. भरपूर ऊन लागलेल्या घडांत त्याची पूर्वद्रव्ये अधिक असतात. जाणकार या वासाला जुन्या रीसलिंगची ओळख मानतात.

७/ माझ्यासाठी तो वास आमच्या एका खोलीच्या घरातला होता. रेशनच्या रांगेतून आणलेला डबा, वातींचा स्टोव्ह, पहाटे काजळी पुसणारी आई आणि तिच्या पदराला दिवसभर चिकटून राहिलेला तो दर्प. गॅस आला त्या दिवशी तिने स्टोव्ह माळ्यावर टाकला, तो पुन्हा कधी खाली काढला नाही.

८/ “कशी वाटली?” स्नेह्यांनी विचारले. मी म्हणालो, “अप्रतिम.” पुढे तोच शब्द तुमच्यासाठीही लिहिला. त्यानंतर कोवळी, गोड, कोरडी अशी रीसलिंग पुन्हा पुन्हा चाखली. कोवळ्या वाइनमध्ये रॉकेल सहसा जाणवत नाही. माझे नाक मात्र तेच शोधत राहते.

९/ परवा १४३५ ची नोंद पुन्हा वाचली. तीत वेलींचा खर्च आहे, चवीबद्दल अवाक्षर नाही. कारकुनाने ठाऊक होते तेवढेच लिहिले. मी वाचलेली थोरवी जिभेने अनुभवल्यासारखी लिहिली. इतिहास सांगणाऱ्याने हे करू नये.

१०/ तेव्हा ते वाक्य असे वाचावे : ‘रीसलिंगला जाणकार थोर मानतात, मला ती आवडलेली नाही.’ त्या स्नेह्यांनाही काल हेच कळवले. ते हसले आणि म्हणाले, “अर्धा पेला तसाच ठेवला होतास, तेव्हाच कळले होते.”