चैत्रातली बेगमी

वर्षाच्या एका टोकाला जे मिळवावे ते दुसऱ्या टोकाला पुरवून खावे, हा गृहस्थाश्रमाचा जुना दस्तूर आहे. आमच्या रायपूरच्या घरात तो कोणी तोंडाने शिकवला नाही, चैत्र-वैशाखातल्या अंगणाने शिकवला. नागपूरकर भोसल्यांचा अंमल 1741 नंतर छत्तीसगडावर बसला, बिंबाजी भोसल्यांनी 1758 ते 1787 पर्यंत रतनपुराहून कारभार पाहिला, त्यांच्यामागून सुभेदार आले, परगण्यापरगण्यांत कमाविसदार नेमले गेले, आणि 1818 मध्ये इंग्रजांच्या देखरेखीत मुख्य ठाणे रायपुरास हलले. या दफ्तराच्या मागोमाग लेखणी, कुळाचार आणि देव्हारा घेऊन जी मराठी कुटुंबे इकडे उतरली, त्यांत आमचे पूर्वज होते. तात्यापाऱ्यातल्या त्या घरी छत्तीसगडचा उन्हाळा तापू लागला की सांडगे, कुरडया, डाळी, मिरच्या अशी सारी बेगमी उन्हात पडे, आणि रस्त्यापलीकडे, बाजारात येणाऱ्या खेडुतांच्या टोपल्यांतून, त्याच उन्हाचा आणखी एक माल वास घेऊन येई. तो मोहाच्या फुलांचा वास होता.

वडील महसूल खात्यात असल्यामुळे त्यांच्या फिरतीबरोबर धमतरीच्या छोट्या रेल्वेने, आणि तिथून पुढे बैलगाडीने, महानदी जिथे उगम पावते त्या सिहाव्याच्या रानापर्यंत जाण्याचा योग मला बालपणी आला. मोहाच्या झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन झाडून ठेवलेली असे. उजाडण्यापूर्वीच्या काळोखात फुले एकामागून एक गळत, आणि बायका-मुले टोपल्या घेऊन वाकलेली दिसत. फिकट पिवळे, मांसल, आतून पोकळ असे ते फूल बोटांत दाबले की चिकट रस सुटतो, आणि जिभेला लावले तर गोडीच्या पाठोपाठ एक उग्र दर्प नाकात चढतो. गोळा केलेली फुले अंगणात पसरली जात, काही दिवसांत ती तांबूस होऊन आक्रसत, आणि मग मडक्या-कणग्यांत भरून ठेवली जात. त्यांची भाजी होई, लाडू होत, दुष्काळात ती अन्न होत, आणि कार्यप्रसंगी त्यांची दारू गाळली जाई. फाल्गुन-चैत्राच्या पंधरा-वीस पहाटांत सारे वर्ष वेचून घेण्याची ती धांदल पाहूनच बेगमी म्हणजे काय हे मला प्रथम उमगले.

याच सुमारास माझ्या धाकट्या मामांनी आमच्या घरात एका दूरदेशीच्या बेगमीची कथा आणली. मामा राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यात अभियंते होते. भिलाईचा कारखाना रशियाच्या साह्याने, तर राउरकेल्याचा क्रुप आणि डेमाग या जर्मन कंपन्यांच्या साह्याने उभा राहिला. राउरकेल्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते 3 फेब्रुवारी 1959 रोजी आणि भिलाईच्या भट्टीचे दुसऱ्याच दिवशी झाले, त्यामुळे त्या काळी आमच्या मुलखात रशियन आणि जर्मन ही दोन्ही माणसे बाजारहाटात दिसत. दिवाळीला मामा आले की जेवणानंतर पाटावरून न उठता जर्मन सहकाऱ्यांच्या गोष्टी सांगत, आणि त्यांतली एक गोष्ट बव्हेरिया प्रांतातल्या मेर्त्सेन नावाच्या बिअरची होती, जी मार्चमध्ये गाळतात आणि शरदात पितात. आईने एकदा त्यांना अडवले, "अरे, मुलांपुढे हे कशाला?" त्यावर मामा म्हणाले, "ताई, मी पिण्याची नाही, साठवण्याची गोष्ट सांगतोय." आईने मग काही म्हटले नाही, साठवणीचा विषय तिच्या अधिकारातला होता.

ती गोष्ट अशी होती. उन्हाळ्यात गाळलेली बिअर हवेतल्या जिवाणूंनी नासे, आंबट होई, आणि सुक्या दिवसांत मोठ्या कढयांखालच्या जाळामुळे गावाला आगीचे भय असे. म्हणून बव्हेरियाच्या ड्यूकने 1553 मध्ये हुकूम काढला की 23 एप्रिलच्या संत जॉर्जच्या सणापासून 29 सप्टेंबरच्या संत मायकेलच्या सणापर्यंत कोणी बिअर गाळू नये. जव, हॉप आणि पाणी यांखेरीज बिअरमध्ये काही घालू नये, असे फर्मान तर त्याआधीच, 1516 सालीच, निघाले होते. तेव्हा मनाईपूर्वीच्या मार्च महिन्यात गाळणारे लोक नेहमीपेक्षा अधिक कसाची आणि अधिक हॉपची बिअर करीत, ती टेकडीच्या पोटात खणलेल्या तळघरांत ठेवीत, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून कापून आणलेला बर्फ तिच्याभोवती रचीत, आणि तळघरावर सावली राहावी म्हणून वर चेस्टनटची झाडे लावीत. उन्हाळाभर ती पुरवून पुरवून काढली जाई, आणि नव्या हंगामासाठी पिंपे मोकळी करायची वेळ येई तेव्हा, सप्टेंबर-ऑक्टोबरात, उरलेली सगळी मोकळ्या हाताने वाटली जाई. 12 ऑक्टोबर 1810 रोजी झालेल्या युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेसे यांच्या विवाहानिमित्त म्युनिकच्या वेशीबाहेर जो उत्सव झाला आणि पुढे ऑक्टोबरफेस्ट म्हणून जगभर गाजला, त्याला हा ऋतू आपोआपच लाभला.

पुढे मी रसायनशास्त्र शिकलो आणि रायपुरातच ते शिकवू लागलो, तेव्हा मामांच्या कथेतले तळघर माझ्या वर्गात दरसाल उघडे. साधे किण्व उबेत वेगाने काम करते, पण बव्हेरियाच्या थंड तळघरांत शतकानुशतके जे किण्व निवडले गेले ते दहा अंशांच्याही खाली तळाशी बसून, सावकाश, आठवडेच्या आठवडे साखर पचवते, आणि पुढे गोठणबिंदूच्या आसपास महिनोन्‌महिने विसावल्यावर बिअरमधला कच्चेपणा शांत होतो. एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत या किण्वाची शुद्ध पैदास केली. ते दोन जातींच्या संकरातून झाले हे पुढे कळले, आणि त्यांतली थंडी सोसणारी जात 2011 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पातागोनियाच्या रानात आणि नंतर आपल्या शेजारच्या तिबेटातही सापडली. हे सारे मी विद्यार्थ्यांना मोठ्या आस्थेने सांगत असे, परंतु ज्या पेयाच्या आधाराने सांगत असे त्याचा थेंबही तेव्हा मी चाखला नव्हता.

बस्तरात मात्र त्याचा एक दूरचा सोयरा मला भेटला. नवे धान घरात येते आणि नवाखाईचा सण होतो, त्या सुमारास जगदलपूरच्या बाजूला एका परिचिताच्या घरी मला लांदा मिळाला. तांदळाचे पीठ वाफवून, त्यात मोड आणून वाळवलेल्या मक्याचा कुटा आणि पाणी घालून, मडक्यात तो काही दिवस आंबवतात. घरच्या वडीलधाऱ्याने पितरांच्या नावाने आधी चार थेंब भुईवर सांडले आणि मग पानाचा दोना माझ्या हाती दिला. पांढुरके, दाटसर, आंबटगोड असे ते पेय पिताना माझ्यातला शिक्षक हरखून गेला, कारण मोड आलेल्या दाण्यात जागे होणारे विकर पिष्टाची साखर करतात, हे ज्ञान जर्मन गाळणाऱ्याने जवाच्या दाण्यावर वापरले तेच बस्तरच्या गृहिणीने मक्याच्या दाण्यावर वापरलेले होते. भेद होता तो काळाचा: लांदा थांबत नाही, दोन-चार दिवसांत तो अधिकाधिक आंबट होतो आणि मंडळी जमली असतानाच संपवावा लागतो. आमच्या उष्ण मुलखात काळ साठवायचा तर तो पेयात साठत नाही, वाळलेल्या फुलात साठतो.

मेर्त्सेनची प्रत्यक्ष भेट उतारवयात झाली. कन्या आणि जावई नोकरीनिमित्त म्युनिकला स्थायिक झाले होते, आणि एका अश्विनात, नवरात्राचे घट उठल्यानंतर, ते दोघे मला शहराबाहेरच्या एका खेड्यात घेऊन गेले, जिथे गाळणारे आणि खानावळ चालवणारे एकाच घरचे होते. "बाबा, हीच ती मामाआजोबांची बिअर," कन्येने काचेचा पेला माझ्यापुढे सरकवीत म्हटले. शरदाचे तिरपे ऊन त्यातून आरपार जात होते. रंग तांब्याच्या नव्या भांड्याचा, वर हस्तिदंती फेसाचा घट्ट थर. पेला जवळ आणताच जो वास आला तो आईने भाजणीसाठी धान्ये एकेक करून खरपूस भाजताना घरभर दरवळणाऱ्या वासाचा सख्खा भाऊ होता. त्याचे कारणही मला ठाऊक होते: जवाला मोड आणून तो भट्टीत जास्त आचेवर वाळवला की त्यातली साखर आणि अमिनो आम्ले एकमेकांशी संयोग पावतात, आणि मायार या फ्रेंच रसायनज्ञाने 1912 साली वर्णिलेली ही अभिक्रिया आमच्या कढईत आणि त्यांच्या भट्टीत सारखीच घडते. पहिल्या घोटात जिभेवर धान्याची भरघोस गोडी पसरली, वाटले की आता ही चिकटून राहील. तोच हॉपचा मंद कडवटपणा मागून आला आणि तोंड स्वच्छ, कोरडे करून गेला. कुठे टोचणी नाही, कुठे घाई नाही. जे तीक्ष्ण असेल ते सारे तळघरात झिजून गेलेले. बोलण्याची इच्छा न होता मी तो पेला संपवला, आणि मार्च ते ऑक्टोबर हा काळ एखाद्या पदार्थात चव होऊन उतरू शकतो हे जन्मभर शिकवलेले सत्य त्या दिवशी मला प्रत्यक्ष कळले.

जावयांनी तेथल्या यजमानांना विचारून मला पुढचा इतिहासही सांगितला. कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रे 1870 च्या दशकात म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यात बसली आणि बारमास बिअर गाळणे शक्य झाले. ज्या निकडीतून मेर्त्सेन जन्मली ती निकडच नाहीशी झाली. ऑक्टोबरफेस्टच्या तंबूंत 1872 पासून रुळलेली तांबूस बिअर मागे पडत गेली, आणि 1990 पासून तिथे फिकट सोनेरी बिअरच दिली जाते. तरीही काही घरांनी ती तांबूस बिअर सोडली नाही. हुकूम मोडीत निघाला, बर्फाच्या लाद्या गेल्या, आणि केवळ आवडीने, स्वेच्छेने, माणसे थांबत राहिली. सक्तीतून आलेली शिस्त सक्ती संपल्यावरही जेव्हा प्रेमाने पाळली जाते, तेव्हाच तिला संस्कृती हे नाव शोभते, असे माझे मत त्या भोजनगृहात दृढ झाले.

पण रायपुरास परतल्यावर हा विचार मला तिथेच सोडून देता आला नाही, कारण थांबणे ही केवळ वृत्तीची गोष्ट नाही, ती ऐपतीचीही गोष्ट आहे. बव्हेरियाच्या गाळणाऱ्यापाशी तळघर होते, पिंपे होती, सहा महिने अडकून पडू शकेल असे भांडवल होते, आणि राज्याचे हुकूमही त्याला काय घालावे आणि केव्हा गाळावे एवढेच सांगत होते. आमच्याकडे इंग्रजी अबकारीने मक्त्याच्या महसुलासाठी घरगुती गाळपावर मनाई घातली. मुंबई इलाख्यात तर 1892 च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करणे नि बाळगणे हेच निर्बंधाखाली आले, म्हणजे ज्या फुलावर गरिबाची बेगमी चाले ते फूलच संशयित ठरले. आज छत्तीसगडात आदिवासींना घरच्या उपयोगापुरती गाळण्याची सवलत आहे, पण बेगमीचा प्रश्न सुटलेला नाही. चैत्रात जिने पहाटे उठून फुले वेचली, तिला तेल-मीठ, औषध, मुलांची वह्या-पुस्तके यांसाठी ती त्याच महिन्यात कोचियाला, म्हणजे गावातल्या छोट्या खरेदीदाराला, विकावी लागतात. भाव तेव्हा पडलेला असतो. कोचियाकडून ती मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि त्याच्याकडून शीतगृहात जातात, आणि पावसाळ्यानंतर सणासुदीला तिलाच फुले हवी झाली तर चढ्या भावाने विकत घ्यावी लागतात. कष्ट तिचे, ऊन तिच्या अंगणाचे, आणि प्रतीक्षेचा नफा मात्र दुसऱ्याचा.

म्हणून वनोपजाला आधारभूत किंमत मिळते, बचत गटांच्या स्त्रिया फुले एकत्र साठवतात, मोहाचे लाडू आणि सरबत रायपूरच्या दुकानांत येऊ लागते, या बातम्या मी आता त्याच उत्कंठेने वाचतो ज्या उत्कंठेने एकेकाळी मामांची कथा ऐकत असे. किंमत ठरवणे हे पहिले पाऊल आहे; त्याहून मोठे पाऊल म्हणजे गावोगाव कोरडे, कीड न लागणारे कोठार आणि साठवलेल्या मालाच्या तारणावर अल्प व्याजाची उचल, की ज्यामुळे वेचणारीला चैत्रातला माल अश्विनापर्यंत हातचा न सोडता ठेवता येईल. हे काही अद्भुत नव्हे. शेतकऱ्याच्या धान्यासाठी वखारीच्या पावतीवर कर्ज देण्याची पद्धत देशात आहेच, ती रानातल्या फुलापर्यंत पोहोचवायची आहे.

उत्तम पेयाची, उत्तम अन्नाची, किंबहुना कोणत्याही उत्तम वस्तूची चव घेताना ती किती काळ मुरली हे जाणकार विचारतात. तो काळ कोणाच्या पदरचा होता आणि त्याचे मोल कोणाच्या पदरी पडले, हेही त्यांनी विचारले पाहिजे. मेर्त्सेनच्या त्या पेल्यात ज्यांनी वाट पाहिली त्यांनाच तिचे फळ मिळाले होते, आणि तिची चव मला निर्मळ वाटली ती यामुळेही. सिहाव्याच्या रानात, बस्तरच्या अंगणात, चैत्राची पहाट वेचणाऱ्या हातांना अश्विनापर्यंत थांबण्याचा हक्क मिळावा. त्या हक्काची व्यवस्था करणे हे आमच्या राज्याच्या कारभाराचे आणि या भूमीचे अन्न पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या आम्हा सर्वांचे देणे आहे.