प्रश्न उद्भवत नाही

माझ्या आमदारकीतली सगळ्यांत मोठी चूक मी भर प्रश्नोत्तराच्या तासात, सभागृहाच्या देखत केली. तिच्याबद्दल त्या दिवशी माझी पाठ थोपटली गेली होती.

पहिलीच टर्म, तीही विरोधी बाकांवर. २८८ जणांत आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती. मतदारसंघात मात्र मागणी भरपूर : लग्नं, दहावे, बारशी, टाक्यांची उद्घाटनं. एका लग्नसराईत घरी इतके फेटे जमले, की बायको म्हणाली, ‘आता दुकानच टाका.’ शिफारसपत्रंही मी सढळ हाताने वाटायचो. एकदा एकाच जागेवरच्या बदलीसाठी दोघांना पत्र दिलं आणि दोघेही ते घेऊन एकाच दिवशी अधिकाऱ्यापुढे उभे राहिले. त्या अधिकाऱ्याने मला फोन करून फक्त विचारलं, ‘साहेब, कोणती सही खरी?’

धरणात गाव गेलेले एक तात्या दर महिन्याला माझ्याकडे यायचे. पुनर्वसित गावठाणाला १८ नागरी सुविधा द्यायच्या असतात. तात्यांच्या फायलीत त्या ओळीने लिहिलेल्या, मिळाल्या त्यांच्यापुढे बरोबरची खूण. स्मशानभूमीपुढे मात्र कोरं. जागा दाखवलेली होती, तिथवर रस्ता नव्हता. तात्या म्हणायचे, ‘मेलेल्याला घाई नसती सायेब, पर खांदेकऱ्यांचं पाय रुतत्यात.’

मी तारांकित प्रश्न दिला. ‘हे खरे आहे काय, असल्यास, कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ ही भाषा मला तेव्हा फार भारदस्त वाटायची. यादीत प्रश्न ढिगाने असतात, तासाभरात त्यांतले मोजकेच तोंडी घेतले जातात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात माझा क्रमांक तिसरा लागला. म्हणजे लॉटरीच. कारण खरी ताकद उपप्रश्नात असते. मंत्री उभे असतात, मागून अधिकाऱ्यांच्या चिठ्ठ्या येत असतात, आणि अशा वेळी मंत्र्यांच्या तोंडून एक तारीख निघाली की तिचं आश्वासन होतं. मग तिच्यामागे आश्वासन समिती लावता येते.

तात्यांना कळवलं. ते महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून, भाकरी बांधून, नागपूरला आले. गॅलरीचा पास मीच काढून दिला होता.

त्या सकाळी विधानभवनाच्या पायऱ्यांवर घोषणा झाल्या, फोटो निघाले. आत जाताना प्रतोदांनी सांगितलं, ‘आज तास चालू द्यायचा नाही.’ विषय कोणता होता, हे आठवायला आज मला डोकं खाजवावं लागतं. इतका तो जिव्हाळ्याचा! ‘माझा प्रश्न तिसरा आहे, तेवढा होऊ द्या,’ असं म्हणायला मला कोणी मनाई केली नव्हती. पण नवा आमदार कच्चा निघाला, असं कोणी म्हणेल या भीतीने मी सगळ्यांच्या आधी हौद्यात उतरलो. पुढे काय करावं ते सुचेना, म्हणून हातातली प्रश्नांची यादी टराटरा फाडून भिरकावली. बाकं वाजली. कामकाज तहकूब झालं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा तहकूब झालं. तास संपला.

विदर्भाचे प्रश्न मांडले जावेत म्हणून नागपूर करारानुसार राजधानी सोडून वर्षातून एकदा तिथे जायचं. त्या यादीत तिकडच्या गावांचेही प्रश्न होते. तेही माझ्याच हाताने फाटले. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा निवडून आले. आम्ही नवे लोक त्यांचं नाव आदराने घ्यायचो आणि अनुकरण गोंगाट करणाऱ्यांचं करायचो.

तात्या बाहेर भेटले.

‘आपला लंबर आला का, सायेब?’

‘गोंधळात राहिला, तात्या.’

‘म्होरं तुमीच व्हता न्हवं? वरनं टक्कल वळखलं.’ मग थोडं थांबून, ‘ते फाडलं ते काय व्हतं?’

‘कागद,’ मी म्हणालो.

माझ्या प्रश्नाचं छापील उत्तर तेवढं हातात राहिलं. ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) प्रस्ताव विचाराधीन आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.’ उपप्रश्न नाही, तारीख नाही, आश्वासन नाही. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवरचा फोटो मात्र पेपरात आला. कार्यकर्त्यांनी तो मोठा करून, चौकट लावून आणून दिला.

पुढचे दोन पावसाळे तिरड्या तशाच गेल्या. त्यांतली एक तात्यांच्या मंडळींची. मी खांदा दिला. माझी एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच. तात्यांच्या फायलीत त्या रकान्यापुढे अजून कोरंच होतं. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या निवडणुकीत मी पडलो. तात्यांच्या गावची सगळी मतं मिळाली असती तरी पडलोच असतो. त्यामुळे शिक्षा भोगून मोकळा झालो, असंही म्हणता येत नाही. रस्ता नंतर झाला, माझ्यानंतरच्या आमदाराच्या काळात.

तो फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत अजून आहे. घोषणा देताना माझा जबडा वासलेला, वर उगारलेल्या मुठीत कागदांची सुरळी. सभागृहात शिरण्याआधीची ती यादी, अजून धड. परवा नातीने फोटोवर बोट ठेवून विचारलं, ‘आजोबा, हातात काय आहे?’

या वेळी मी ‘कागद’ म्हणालो नाही.