शुश्रूषा

'शुश्रूषा' हा शब्द मी वर्गात कित्येक वर्षे शिकविला. 'श्रु' म्हणजे ऐकणे. त्याच्या इच्छार्थक रूपावरून शुश्रूषा, म्हणजे ऐकण्याची इच्छा. जो गुरूचे ऐकू इच्छितो तो त्याची सेवाही करतो, म्हणून पुढे या शब्दाला सेवेचा अर्थ आला. एवढी व्युत्पत्ती फळ्यावर लिहिणारा मी, तिचे मर्म मात्र फार उशिरा शिकलो.

१९८६ साली माझ्या वडिलांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी परिचारिका त्यांना उठवून बसविण्यास आली. वडीलही म्हणाले, "अरे, जरा बसू दे, पाठ अवघडली आहे." मी दोघांनाही थांबविले. टाके ओले असताना उठणे म्हणजे शुद्ध अविचार, असे मला वाटले, आणि घरातील सर्वांनी माझीच री ओढली. नवव्या दिवशी पायाच्या शिरेतील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन वडील गेले. ते उठून बसले असते तर वाचलेच असते, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तथापि त्यांची ती विनंती माझ्या कानातून अद्याप गेलेली नाही.

गेल्या वर्षी सौ.च्या मोठ्या आतड्यावर शस्त्रक्रिया करण्याचे ठरले. शल्यवैद्यांनी सांगितले की, शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालेल. त्याच संध्याकाळी थोडे खाणे देऊ आणि दुसऱ्या सकाळी चालवू. आक्षेप माझ्या ओठांवर आला होता. या खेपेस मात्र मी तो गिळला आणि कारण विचारले.

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. डेन्मार्कमधील कोपनहेगनचे शल्यवैद्य हेन्रिक केलेट यांना प्रश्न पडला की, शस्त्रक्रिया निर्दोष झाली असताही रोगी इतके दिवस रुग्णालयात का राहतो? वेदना, मळमळ, मंदावलेले आतडे, उपवास, नळ्या आणि अंथरूण, अशी एकेक कारणे त्यांनी वेगळी केली व सर्वांवर एकदम उपाय योजले. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मोजके वृद्ध रोगी दोन दिवसांत घरी जाण्याजोगे झाल्याचा त्यांचा वृत्तांत १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. २००१ साली उत्तर युरोपातील पाच देशांच्या वैद्यांनी मंडळ स्थापून हे काम पुढे चालविले. एका गटावर जुनी रीत, दुसऱ्यावर नवी, अशी तुलना ठिकठिकाणी झाली आणि पुष्कळ रूढी निराधार ठरल्या. मध्यरात्रीपासून पाणीही वर्ज्य करणे आणि प्रत्येकाच्या नाकातून पोटात नळी ठेवणे या त्यांपैकीच. दीर्घ शय्येने तर स्नायू क्षीण होतात, फुप्फुसात कफ साचतो आणि पायांच्या शिरांत रक्त मंदावते.

हे ऐकताना मी खाली पाहत होतो. शिकागोच्या एमिल रीस यांनी तर रोग्यांना लवकर उठविण्याचा आपला अनुभव १८९९ सालीच प्रसिद्ध केला होता, हे मला नंतर वाचनात आढळले. म्हणजे ती परिचारिका बरोबर होती. चूक होती ती माझ्या मायेची. माया खरी होती, पण तिने कोणाचेच ऐकले नव्हते.

अर्थात प्रत्येक रोग्याला एकच नियम लागू नाही. केव्हा उठवावे, केव्हा निजवावे, हे वैद्यच ठरवील. परंतु घरातील वडीलधाऱ्यांनी "पडून राहा" असे म्हणण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे, एवढीच वाचकांना माझी विनंती आहे.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सौ. म्हणाली, "अहो, हात द्या." मी दिला. खिडकीपर्यंत आठ पावले झाली. परतताना ती म्हणाली, "आता पुरे, बसवा." मी तत्काळ बसविले. पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो.