गिरणगावातील एक दिवस

यंदा आमची सहल मुंबईस गेली होती, असे सांगितले की ऐकणारा पहिल्याने हेच विचारतो, "गेटवे पाहिला का? राणीचा बाग पाहिला का?" यांपैकी काहीएक आम्ही पाहिले नाही हे कळताच, पंढरपुरास जाऊन विठोबाचे दर्शन न घेता परतलेल्या मनुष्याकडे पाहावे तसा तो आमच्याकडे पाहतो.

खरे सांगावयाचे तर सहल ठरली त्या दिवशी आम्हांसही असेच वाटले होते. इतिहासाच्या शिक्षकांनी 'गिरणगाव' हे नाव उच्चारताच मागल्या बाकांवरून एक दीर्घ सुस्कारा निघाला. बंद पडलेल्या गिरण्या आणि जुनाट चाळी यांत पाहावयाचे ते काय? शिक्षक शांतपणे म्हणाले, "आपल्या सातारा जिल्ह्यातील गावांत, ज्याच्या मागल्या तीन पिढ्यांत कोणी मुंबईस गिरणीत नव्हते, असे घर क्वचितच सापडेल. आपल्याच घरची गोष्ट पाहावयास जाण्याचा कंटाळा कसला?" यावर उत्तर नव्हते. तेव्हा एका रात्री इयत्ता नववीचे आम्ही अडतीस मुले-मुली गाडीत बसलो. जो तो आपापल्या गावच्या, आपापल्या आळीच्या सोबत्यांना धरून बसला, आपापली शिदोरी सोडून जेवला आणि झोपी गेला. या गोष्टीत त्या रात्री आम्हांस विशेष असे काही वाटले नाही. येथे ती मुद्दाम नमूद केली आहे, याचे कारण पुढे येईल.

पहाटे दादर स्थानकावर आमचे वाटाडे उभे होते. त्यांना सर्व लोक तात्या म्हणतात, म्हणून आम्हीही तात्याच म्हणू लागलो. वय सत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा, खांद्यास कापडी पिशवी. त्यांनी गिरणीत काम केलेले, आणि त्यांच्या वडिलांनीही. परळच्या रस्त्यास लागताच ते थांबले व म्हणाले, "पोरांनो, आधी माना वर करा." काचेच्या चाळीस-पन्नास मजली इमारतींच्या मधून विटांची एक काळवंडलेली चिमणी डोके काढून उभी होती. "आता माना खाली करा. जेथे उभे आहात तेथून पहाटेच्या पाळीला एवढी माणसे जात की रस्ता दिसत नसे. भोंगा झाला की चूल पेटे, भोंगा झाला की चूल विझे. घड्याळ कोणाकडे होते?"

चालता चालता तात्यांनी आम्हांस या वस्तीची हकिकत सांगितली. कावसजी नानाभाई दावर यांनी इ. स. १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे मुंबईची पहिली सूतगिरणी चालू झाली. पुढे गिरण्यांची रांगच लागली. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी हा सारा भाग 'गिरणगाव' या नावाने ओळखला जाऊ लागला. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली. शेत थोडे, खाणारी तोंडे फार आणि पावसाचा भरवसा नाही, म्हणून आली. बायकामुले बहुधा गावीच राहत आणि महिन्याच्या महिन्यास मनीऑर्डर घरी जाई. आमच्यापैकी कित्येकांच्या घराची कौले त्या मनीऑर्डरीची आहेत, हे आम्हांस मागाहून कळले.

एका बंद फाटकापाशी आम्ही थांबलो. आत गवत माजले होते. ज्यांचे नाव कायम पटावर नसे त्यांना 'बदली' म्हणत. ते रोज सकाळी येथे येऊन उभे राहत आणि कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत घेतले जात. नाही तर आल्या पावली परत. "उमेदीची किती वर्षे या फाटकाबाहेर गेली याचा हिशेब कोणी ठेवला नाही," तात्या म्हणाले. त्यांनी आम्हांस नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव सांगितले. लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा स्थापन केली. त्यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा सूर्याबरोबरच सुट्टीचा वार म्हणून जन्मास आला असावा, अशी आमची आजवर समजूत होती. ती कोणी तरी मागून, भांडून मिळविलेली वस्तू आहे, हे ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो.

तेथून आम्ही एका जुन्या चाळीत गेलो. लांबच लांब गॅलरी, एकास एक लागून खोल्या, टोकाला सामाईक नळ. दुसऱ्या मजल्यावरील एक खोली 'गावकीची खोली' होती. एका गावच्या लोकांनी मिळून ती भाड्याने घेतलेली. भिंतीवर एकावर एक पत्र्याच्या ट्रंका रचलेल्या आणि दाराशी हिशेबाची पाटी टांगलेली. खोली आमच्या वर्गाच्या निम्म्याहूनही लहान. तरी तीत वीस-पंचवीस माणसे राहत, कारण एक पाळी कामावर असे, एक झोपलेली असे आणि एक बाहेर गॅलरीत वा रस्त्यावर असे. शनिवारी रात्री येथेच भजन होई, पखवाज वाजे, शिमग्याला व गणपतीला गावी कोण जाणार हे ठरे. कोणी मयत झाला तर वर्गणीही येथेच गोळा होई. आमच्यातील एका मुलीने विचारले, "म्हणजे गावचे सारेच लोक या खोलीत राहत का?" तात्या क्षणभर थांबले. म्हणाले, "खोली गावची खरी. पण सारा गाव तीत नसे." याचा अर्थ तेव्हा आमच्या ध्यानात आला नाही, आणि त्यांनीही तो सांगितला नाही.

याच वस्तीत शाहीर अण्णाभाऊ साठे वाढले. त्यांचे जन्मगाव वाटेगाव. ते आज सांगली जिल्ह्यात आहे, परंतु अण्णाभाऊंचा जन्म झाला त्या वेळी, म्हणजे १९२० मध्ये, ते आमच्याच सातारा जिल्ह्यात होते. लहानपणी वडिलांबरोबर ते तेथून मुंबईपर्यंत पायी आले. त्यांनी गिरणीत मजुरी केली, कामगारांसाठी पोवाडे व लोकनाट्ये रचली आणि शाळेचे शिक्षण जवळजवळ नसताना मराठीत कथा-कादंबऱ्या लिहिल्या. आम्ही रात्री गाडीत जो प्रवास झोपेत केला, तो त्यांनी अनवाणी केला असेल, हा विचार मनात येऊन आमची थकल्याची कुरकुर थांबली.

दुपारचे जेवण एका खाणावळीत होते. एकट्याने राहणाऱ्या कामगारांना अशा खाणावळींतून महिनेवारीने जेवण मिळे. ते रांधणाऱ्या बहुतेक बायाच असत, आणि त्यांतील पुष्कळ स्वतः कामगारांच्या घरच्या. या अन्न शिजविणाऱ्या स्त्रियांना सावकाराच्या व्याजातून सोडविण्यासाठी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. आमच्या पानात भाकरी, वाटाण्याची उसळ, भात आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. बोंबील न खाणाऱ्यांनीही पाने स्वच्छ केली. "संपाच्या दिवसांत या बायांनी आम्हांला उधारीवर जेवू घातले," तात्या म्हणाले. "ती उधारी पुष्कळांची अजून फिटलेली नाही."

जेवणानंतर एका झाडाखाली बसून तात्यांनी पिशवीतून एक वस्तू काढली. ती लाकडाची, होडीच्या आकाराची, दोन्ही टोकांना लोखंड बसविलेली आणि हाताळून गुळगुळीत झालेली. तो मागावरचा धोटा होता. उभ्या धाग्यांच्या मधून हा धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावतो आणि आपल्यामागे आडवा धागा टाकीत जातो, तेव्हा कापड होते. शेकडो माग एकदम चालत तेव्हा शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. विणकर ओठांच्या हालचालींवरून आणि खुणांनी बोलत. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. ती संपली की नवी बसवावी लागते आणि धाग्याचे टोक बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढावे लागते. "ते कसे काढीत असत?" तात्यांनी विचारले. आमच्यातील एकाने सहज धोटा उचलून भोकाला तोंड लावले आणि श्वास आत ओढून दाखविला. सर्व हसले. तात्या हसले नाहीत.

"बरोबर ओळखलेस," ते म्हणाले. "एका धोट्याला आज याचे तोंड, उद्या त्याचे. सुताचा कचरा छातीत जाई आणि क्षयही याच वाटेने पसरे. पण दुसरीही एक गोष्ट त्या भोकात होती." मग त्यांनी सांगितले की, विणाईच्या खात्यास साळखाते म्हणत आणि तेथे पगार चांगला असे. कताईच्या खात्यात सर्व जातींचे लोक असत. परंतु बहुतेक गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या माणसास साळखात्यात पाऊल ठेवू देत नसत. कारण हेच की, त्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडास कसा लागावा? मालक देत नसत असे नव्हे. बरोबरीचे कामगारच येऊ देत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांसमोर उघडपणे मांडला. जे भाकरीसाठी एकत्र लढत होते, त्यांनाच त्यांनी विचारले की, तुमच्या लढ्यात आमचा हा हक्क बसतो की नाही?

आमच्यातील जो मुलगा सहसा बोलत नाही, त्याने विचारले, "तात्या, तुमचे वडील कोणत्या खात्यात होते?"

"साळखात्यात."

"मग त्यांनी काय केले?"

तात्यांनी धोटा हातात फिरविला. "काही केले नाही. आमच्याच गावचा एक जण त्यांच्याबरोबर गाडीतून मुंबईस आला होता. लहानपणी दोघांनी गुरे राखली होती. तो जन्मभर कताईत राहिला आणि गावकीच्या खोलीत त्याला कधी जागा मिळाली नाही. वडील भला माणूस होते. कोणाचे वाईट करणारे नव्हते. पण त्यांनी काही केले नाही. मी पुष्कळ वर्षे लोकांना येथे फिरवतो. पहिल्याने मी फक्त संपाची आणि एकीची गोष्ट सांगत असे. एकी होतीच. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे आम्ही अडीच लाख माणसे बाहेर पडलो, आणि तो संप मागे घेतल्याचे अजून कोणी जाहीर केलेले नाही. मीही पुन्हा आत गेलो नाही. ती गोष्ट सांगताना छाती फुगते. पण तेवढीच सांगितली तर मी तुम्हांस अर्धीच गिरणी दाखविली असे होईल."

बराच वेळ कोणी बोलले नाही. ज्याने हसत धोट्याला तोंड लावले होते त्याने तो दोन्ही हातांनी तात्यांस परत दिला. सायंकाळी आम्ही एका जुन्या गिरणीच्या आवारात गेलो. चिमणी तशीच ठेवून तिच्या सभोवार आता झगमगीत दुकाने थाटलेली आहेत. सकाळी हे पाहिले असते तर आम्ही दुकानेच पाहिली असती.

गावी परतल्यावर शिक्षकांनी निबंध लिहावयास सांगितला नाही. प्रत्येकाने घरी एकच प्रश्न विचारून यावा, असे सांगितले: आपले कोण गिरणीत होते, आणि कोणत्या खात्यात? अडतीसांपैकी एकवीस घरांतून उत्तर मिळाले. कोणाचे पणजोबा, कोणाचे चुलत आजोबा, एकीची तर पणजीसुद्धा. शिक्षकांनी फळ्यावर दोन रकाने आखले, एक विणाईचा व एक कताईचा, आणि आम्ही उठून आपापली नावे लिहिली. लिहून झाल्यावर फळ्याकडे पाहिले मात्र, आणि वर्ग शांत झाला. जाताना गाडीत जे ज्यांच्या शेजारी बसले होते, थोडी नावे सोडली तर तेच येथे एका रकान्यात आले होते. कोणी कोणास मुद्दाम दूर बसविले नव्हते. आम्हीही तात्यांच्या वडिलांप्रमाणे भलीच माणसे होतो आणि आम्हीही काही केले नव्हते.

शिक्षकांनी फळा पुसला नाही. तो दोन दिवस तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कोणी तरी मधली रेघ बोटाने पुसून टाकली. ती कोणी पुसली हे अद्याप कोणी कबूल केलेले नाही.

या एका सहलीने आमच्यात फार मोठा पालट झाला असे लिहिले, तर ते वार्षिकात शोभून दिसेल, पण खरे होणार नाही. गिरण्या बंद पडल्या म्हणून त्यांतील रेघा आपोआप बंद पडत नाहीत, इतके मात्र आम्हांस समजले. तूर्त आम्ही एवढेच ठरविले आहे की, पुढल्या सहलीत गाडीत कोणी कोणाशेजारी बसावे याच्या चिठ्ठ्या टाकावयाच्या, आणि शिदोऱ्या एकत्र सोडावयाच्या. उपाय लहान आहे. पण धोट्याचे भोकही लहानच होते.

वडीलधाऱ्या वाचकांस आमची एक विनंती आहे. आपल्या घरी कोणी गिरणीत होते काय, हे मुलांनी विचारल्यास त्यांस सर्व सांगावे. अभिमानाचे तर सांगावेच, पण जे सांगताना थोडे थांबावेसे वाटेल, तेही सांगावे.