मामा, बंद पडला!

तर झालं असं की, भाच्याच्या नवव्या वाढदिवसाला "मी स्वतः बनवलेला गेम कन्सोल देणार" असं मी ताईसमोर बोलून बसलो. आता शब्द मागे कसा घेणार? रास्पबेरी पाय, छोटी स्क्रीन, बटणं... सगळं दोन शनिवारांत जमलं. घोडं अडलं ते बॅटरीपाशी.

पहिला विचार पेन्सिल सेलचा. १९८९ चा गेमबॉय असल्या चार सेलवर तासन् तास चालायचा. पण त्याच्या स्क्रीनला मागून उजेडच नव्हता! माझ्या स्क्रीनला आहे. मीटर लावला, तर ५ व्होल्टला ६०० मिलिअँपिअर, म्हणजे ३ वॅट. रोज नवे सेल कोण आणणार? म्हणून लिथियम.

जुन्या मोबाईलचा चपटा सेल घरात पडला होता. हलका, फुकट. तेवढ्यात ताई म्हणाली, "तापणार नाही ना रे हे? झोपताना उशाशी घेतो तो." चपटा सेल गुपचूप बाजूला ठेवला.

तपकीर गल्लीत १८६५० आकाराचा सेल मिळाला, वर चक्क ९९०० एमएएच छापलेलं! या आकाराचा चांगला सेलही ३५०० च्या आसपास थांबतो हे माहीत असून घेतला. तासाभरात त्याने मान टाकली. मग मुकाट्याने नावाजलेल्या कंपनीचा, संरक्षक सर्किटवाला २६०० चा आणला. २.६ गुणिले ३.७, म्हणजे साधारण ९.६ वॅट-तास. ५ व्होल्ट करून देणाऱ्या बूस्ट कन्व्हर्टरने त्यातले १५ टक्के खाल्ले. उरलेल्यात पावणेतीन तास. झालं की काम!

रविवारी रडवेला फोन. "मामा, बंद पडला! माझी सातवी लेव्हल गेली!" आधी स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज दिसत होती म्हणे. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय अशी सूचना देतो. पण नऊ वर्षांच्या पोराला ते कसं कळावं? कार्डवर लिहिणं चालू असतानाच वीज गेली आणि कार्डच करप्ट. ऑफिसात सर्व्हर पडला की आपण लॉग बघतो. इथे युजर हुंदके देत होता.

पुढचा वीकेंड त्यातच गेला. सेलचं व्होल्टेज मोजणारी चिप लावली. ३.४ ला मराठीत इशारा, ३.३ ला गेम सेव्ह करून नीट शटडाऊन. वायफाय बंद, ब्राइटनेस कमी. ३ वॅटचे सव्वादोन झाले. शेवटचा थोडा रस मुद्दाम सोडूनही सव्वातीन तास मिळतात. शिवाय नियम एकच: चार्जिंग हॉलमध्ये, सगळे जागे असताना.

परवा भाच्याची तक्रार आली, "मामा, जड आहे रे हा. आणि फार लवकर सेव्ह करतो."

असू दे. सातवी लेव्हल पार झालीये, आणि ताई शांत झोपते.