शिकागोचा फिरता दिवा

अमेरिकेतले शिकागो शहर १८७१ साली मोठ्या आगीत होरपळले. त्याच शहरातल्या फेडरल कंपनीने १९४८ साली बंबाच्या टपावर बसणारा ‘बीकन रे’ हा दिवा काढला. तांबड्या घुमटाआतले त्याचे दिवे उघडझाप करीत नाहीत. छोट्या मोटरीवर ते गरगर फिरतात आणि तोंड आपल्याकडे झाले की लखकन चमकतात.

आता तिकडचे हौशी लोक हे जुने दिवे भंगारातून उचलतात, वाळलेले ग्रीस खरवडतात, झिजलेले कार्बन बदलतात, विटलेला घुमट घासून उजळतात. जळत्या घराकडची वाट ज्याने मोकळी केली, तो दिवा मोडीत कसा घालायचा?

आपल्याकडे १ मे २०१७ पासून साहेबांच्या मोटारीवरचा लाल दिवा उतरला. हा दिवा मिरवायचा नव्हे, वाट मागायचा. तो दिसला, की ट्रॅक्टर बाजूला घ्या.