पाठीमागचा गडी

वर्ध्यास काय किंवा अन्यत्र काय, सायंकाळीं मुलें फुटबॉलचा डाव मांडूं लागलीं कीं पहिला तंटा जागांवरून होतो. गोल करण्यासाठीं सर्वांनाच पुढें जावयाचें असतें. मागें राहून हल्ला अडविण्याचें काम कोणासच नको असतें. अखेर जो मुकाट असेल त्यास मागें धाडतात. आमच्या घरचा धाकटा पुतण्या अशा वेळीं रुसून घरीं येतो, तेव्हां मी त्यास फॉर्च्युनातो फ्रँको या खेळाडूची हकीकत सांगतों.

फ्रँको मूळचे गोव्यांतील कोलवाळचे. लहानपणींच ते मुंबईस आले आणि पुढें टाटांच्या संघांतून खेळूं लागले. त्यांची जागा हाफ-बॅकची. प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू काढून घ्यावा, तो आपल्या पुढच्या गड्याच्या स्वाधीन करावा, आणि टाळ्या पडण्यापूर्वींच पुन्हा आपल्या जागीं परतावें, हा त्या जागेचा धर्म. १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिकसाठीं त्यांची निवड झाली. परंतु भारताच्या तीनही सामन्यांत त्यांस मैदानावर उतरावयास मिळालें नाहीं. इतक्या दूर जाऊन कडेला बसून राहणें हें रुसण्यास पुरेसें कारण होतें. तरी दोन वर्षांनीं जकार्ताच्या आशियाई स्पर्धेंत ते संघांत होतेच.

तेथें पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें भारतास दोन गोलांनीं हरविलें. ४ सप्टेंबर १९६२ रोजीं अंतिम सामन्यास पुन्हा तोच प्रतिपक्ष समोर आला. यजमान इंडोनेशियानें इस्राएल व तैवान यांस वगळल्याबद्दल एका भारतीय अधिकाऱ्यानें हरकत घेतली होती. त्यामुळें प्रेक्षकवर्ग भारतावर चिडलेला. संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम कर्करोगानें जर्जर झालेले. पुढील वर्षीं ते वारलेच. बचावाचे खंदे गडी जर्नेलसिंग यांच्या डोक्यास टांके पडलेले. रहीम यांनीं त्यांस आघाडीवर खेळविलें. पी. के. बॅनर्जी यांनीं पहिला गोल केला. मग फ्रँको यांनीं फ्री किक घेऊन चेंडू नेमका गोलासमोर टाकला, आणि जर्नेलसिंग यांनीं त्याच जखमी डोक्यानें तो आंत धाडला. शेवटीं शेवटीं कोरियानें एक गोल फेडला. भारत २-१ असा विजयी झाला. सुवर्णपदक देणारा तो गोल दोघां पाठीमागच्या गड्यांचा होता!

एकत्र कुटुंबांतही अशी पाठीमागची जागा असते. लग्नकार्यांत मांडवांत मिरविणारे सर्वांस दिसतात; कोठीघराच्या किल्ल्या सांभाळून शेवटच्या पंगतीनंतर जेवणारी काकू कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मागची जागा मानाची आहे, असें मुलांस सांगणें सोपें. पण तें सांगण्याचा अधिकार वडील माणसांस केव्हां येतो? मुकाट म्हणून ज्यास आपण मागें ठेविलें, त्याच्यावांचून डाव उभा राहत नाहीं, हें चारचौघांत बोलून दाखविलें तरच. फ्रँको १० मे २०२१ रोजीं निवर्तले, तेव्हां त्यांचें नांव पुष्कळांनीं प्रथमच वाचलें असेल. घरच्या माणसांच्या बाबतींत तरी इतका उशीर होऊं नये.